पत्रकार व्हायचंय? तयारी शाळेतच सुरू करा

सहाशे शब्दांची एक साधी बातमी घ्या. ती टाइप करायला अनुभवी बातमीदाराला तासभर पुरतो. पण त्या तासाआधी त्याने आठ-दहा फोन केलेले असतात, त्यांतले निम्मे कुणी उचललेले नसतात. तो दोन ठिकाणी जाऊन आलेला असतो, एक अहवाल चाळलेला असतो आणि एका आकड्याचा मेळ बसेना म्हणून तोच प्रश्न तिघांना विचारलेला असतो. लिहिणं हा या कामाचा शेवटचा आणि वेळेच्या हिशेबात लहानसा भाग. "मला लिहायला आवडतं, म्हणून पत्रकारिता" असं म्हणणाऱ्या मुलांनी हे आधीच लक्षात घ्यावं, कारण तयारी कशाची करायची ते यावरूनच ठरतं. निबंधात बक्षिसं मिळवलेली मुलं पदवीच्या पहिल्या वर्षात अडखळतात ती बहुतेकदा भाषेपायी नाही. अनोळखी माणसाला फोन करून प्रश्न विचारायची आणि मिळालेलं उत्तर तपासून बघायची सवयच त्यांना लागलेली नसते.

ही सवय लावायला पदवीची वाट बघावी लागत नाही. पदवी हा प्रकार मुळातच उशिरा आला. छापील वर्तमानपत्रं सतराव्या शतकापासून निघत होती. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाचं पत्रकारितेचं स्वतंत्र महाविद्यालय सुरू झालं ते १९०८ साली. तिथेही वर्ग सुरू झाले त्याच दिवसापासून विद्यार्थ्यांनी खरं, लोकांनी वाचायचं वर्तमानपत्र काढायला घेतलं. पुस्तक वाचून मग काम, असा क्रम तेव्हाही नव्हता. शाळेतल्या मुलांनीही तो क्रम धरू नये.

विषय आणि बातमी

"मुलं हल्ली वाचत नाहीत" हा विषय झाला. त्यावर निबंध लिहिता येतो, बातमी नाही. बातमीसाठी असा प्रश्न लागतो ज्याचं उत्तर कुठेतरी नोंदलेलं आहे किंवा कुणालातरी नेमकं माहीत आहे. उदाहरणार्थ: शाळेच्या ग्रंथालयातून गेल्या वर्षी किती पुस्तकं घरी नेली गेली आणि यंदा किती?

हे उदाहरण शेवटपर्यंत चालवून बघू, कारण पत्रकारितेतल्या निम्म्या अडचणी यात आहेत.

ग्रंथपालांकडे देवघेवीची नोंदवही असते. समजा तुम्ही ती मागितली, मोजलीत, आणि आकडे आले: गेल्या वर्षी ८४०, यंदा ६३०. घट बरोबर २५ टक्के. मथळा डोळ्यांसमोर नाचायला लागतो: "ग्रंथालयाकडे विद्यार्थ्यांची पाठ". इथेच थांबून एक प्रश्न विचारायचा: हा आकडा नेमका किती काळाचा आहे? गेल्या वर्षीची नोंद शाळेच्या पूर्ण दहा महिन्यांची आहे, यंदाची आतापर्यंतच्या सात महिन्यांची. महिन्याला सरासरी काढली तर गेल्या वर्षी ८४, यंदा ९०. घट नाहीच, सुमारे ७ टक्के वाढ आहे. तीच नोंदवही, तेच आकडे, आणि बातमी पूर्ण उलटी. मोठमोठ्या कार्यालयांतून छापून आलेल्या कितीतरी चुकीच्या बातम्या याच जातीच्या असतात. आकडा खरा असतो, पण तो कशाचा आणि किती काळाचा हे कुणी विचारलेलं नसतं.

आता पुढचा प्रश्न: वाढ का झाली? ग्रंथपाल सांगतात, "मधल्या सुट्टीत ग्रंथालय उघडं ठेवायला लागलो, म्हणून." पटण्यासारखं कारण आहे. पण हा त्यांचा अंदाज आहे. मधल्या सुट्टीत ग्रंथालय उघडं ठेवणं कधीपासून सुरू केलं ते विचारा. तिसऱ्या महिन्यापासून असेल, तर पहिल्या दोन महिन्यांचे आकडे वेगळे काढा. तेव्हा पुस्तकं कमी जात होती आणि नंतर वाढली, तर ग्रंथपालांच्या म्हणण्याला आधार मिळाला. पहिल्या महिन्यापासूनच आकडा चढा असेल, तर कारण दुसरं काहीतरी आहे. कदाचित नवी पुस्तकं आली असतील, कदाचित एखाद्या शिक्षकांनी वाचनाचा प्रकल्प दिला असेल. नोंदवहीत पुस्तकांची नावं असतात, त्यांवरून तेही कळतं.

मग माणसांशी बोलायचं. ग्रंथपाल, मुख्याध्यापक, नियमित पुस्तकं नेणारी तीन मुलं आणि कधीच न नेणारी तीन मुलं. ही शेवटची तीन सगळ्यांत महत्त्वाची. नवखे बातमीदार जे हाताशी सापडतात त्यांच्याशीच बोलतात, आणि ग्रंथालयात बसून मुलाखती घेतल्या तर ग्रंथालय आवडणारीच मुलं भेटणार.

कागद आधी, माणसं नंतर हा क्रम लक्षात ठेवा. नोंद बघून गेलेल्याला कोणता प्रश्न विचारायचा हे ठाऊक असतं, आणि समोरच्यालाही कळतं की हा तयारीने आलाय. नोंदी मागण्याचा अधिकार ही गोष्ट तर पत्रकारितेचा कणा आहे. स्वीडनने १७६६ साली सरकारी कागदपत्रं बघण्याचा हक्क कायद्याने दिला. आज शंभराहून जास्त देशांत असे कायदे आहेत. आपल्या देशातला कायदा काय म्हणतो, अर्ज कुणाकडे करायचा, किती दिवसांत उत्तर यायला हवं, हे शाळेत असतानाच एकदा वाचून ठेवावं. अर्जात "सर्व माहिती द्यावी" असं कधी लिहू नये. असा अर्ज हमखास लटकतो. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतची, कोणत्या नोंदवहीतली माहिती हवी ते नेमकं लिहावं.

नुसतं हजर राहणं

१७ जून १९७२ रोजी वॉशिंग्टनमध्ये वॉटरगेट इमारतीतल्या एका पक्षकार्यालयात घुसलेले पाच जण पकडले गेले. वरवर पाहता घरफोडीचं प्रकरण. त्याच दिवशी त्यांना न्यायालयात उभं केलं, तेव्हा न्यायाधीशांनी विचारलेल्या प्रश्नाला एका आरोपीने दबक्या आवाजात उत्तर दिलं, आणि त्यात सीआयए, म्हणजे अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेचं नाव होतं. 'वॉशिंग्टन पोस्ट'चे बॉब वुडवर्ड तिथे बसले होते, म्हणून त्यांना ते ऐकू आलं. पुढे हे धागेदोरे उलगडत गेले आणि ऑगस्ट १९७४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला.

कंटाळवाण्या ठिकाणी शेवटपर्यंत बसून राहणं हे या व्यवसायातलं खरं कौशल्य आहे, आणि ते सरावाने येतं. महिन्यातून एकदा एखाद्या सार्वजनिक सभेला किंवा लोकांना खुल्या असलेल्या बैठकीला जा आणि ती संपेपर्यंत उठू नका. विषयपत्रिका आधी मिळवा. कोण बोललं यापेक्षा काय ठरलं, किती पैसे मंजूर झाले, कुणी विरोध केला आणि कोणता विषय पुढे ढकलला, ते टिपा. पुढे ढकललेल्या विषयाची तारीख वहीत लिहून ठेवा. पाठपुरावा तिथून सुरू होतो.

वही आणि फोन

वही लहान हवी, उभ्याने लिहिता येईल अशी. प्रत्येक पानावर तारीख आणि ठिकाण. उजव्या पानावर समोरचा काय म्हणाला ते, डाव्या पानावर तुम्हाला काय दिसलं आणि काय विचारायचं राहिलं ते. ही दोन्ही एकत्र लिहिली की महिन्याभराने वाचताना त्याचे शब्द कोणते आणि आपला अंदाज कोणता हे कळत नाही. जे वाक्य शब्दशः घेतलंय त्यालाच अवतरणचिन्हं द्या. बाकी सगळं सारांश समजायचं.

नाव ऐकून लिहू नका. समोरच्याला वही द्या आणि त्याच्या हाताने नाव, आडनाव, पद लिहून घ्या. एकाच उच्चाराची नावं लोक ह्रस्व-दीर्घ बदलून लिहितात, आणि आपलं नाव चुकीचं छापून आलेला माणूस त्या बातमीतल्या इतर कशावरच विश्वास ठेवत नाही. त्याचं तसं वागणं रास्तच आहे.

रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचारा, आणि परवानगी दिल्याचं वाक्य रेकॉर्डिंगमध्येही येऊ द्या. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन मोक्याला कॉल येऊन रेकॉर्डिंग तुटतं. तो उघड्या टेबलावर ठेवू नका, खाली घडी घातलेला रुमाल घाला. नाहीतर टेबलावर ठेवलेला प्रत्येक पेला हातोड्यासारखा वाजतो. बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीत-दीड वीत अंतर पुरे. दहा सेकंद रेकॉर्ड करून ऐकून बघा, मगच मुलाखत सुरू करा. पंखा आणि एसी आपल्या कानाला ऐकू येत नाहीत, कारण मेंदू ते गाळतो. माइक गाळत नाही. पॉडकास्ट किंवा व्हिडिओ करणार असाल तर शेवटी सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. एडिटिंगमध्ये दोन वाक्यांचा सांधा झाकायला तीच लागते.

रेकॉर्डिंग चालू असलं तरी हाताने टिपणं घ्याच. फोन दगा देतो हे एक कारण. दुसरं कारण वेळेचं: तासाभराची मुलाखत शब्दशः उतरवायला साधारण चार तास जातात. महत्त्वाचं वाक्य आलं की वहीच्या समासात रेकॉर्डिंगमधली वेळ टाकायची, "१२:४०" अशी. मग तेवढंच ऐकून उतरवता येतं. हल्ली हे काम यंत्राकडून करून घेता येतं, आणि घ्यायला हरकतही नाही. पण ही साधनं नावं चुकवतात, आकडे चुकवतात, आणि एखादा "नाही" गाळला गेला की वाक्याचा अर्थच फिरतो. छापायचं प्रत्येक वाक्य मूळ आवाजाशी ताडून बघायचं. मजकूर लिहून देणाऱ्या एआयबद्दल नियम आणखी कडक हवा. ती साधनं खऱ्यासारखी दिसणारी अवतरणं आणि संदर्भ सहज बनवून देतात. जे तुम्ही मूळ ठिकाणी पाहिलं नाही, ते बातमीत येता कामा नये.

प्रश्न कसे विचारायचे

"हो" किंवा "नाही"वर संपणारे प्रश्न मुलाखत मारतात. "तुम्हाला आनंद झाला का?" याला "हो" एवढंच उत्तर मिळणार. "निकाल कळला तेव्हा तुम्ही कुठे होतात, काय करत होतात?" याला उत्तर द्यायला माणसाला आठवावं लागतं, आणि आठवताना तो तपशील सांगतो. एका वेळी एकच प्रश्न विचारा. तीन प्रश्न एका दमात विचारले की समोरचा त्यांतल्या सगळ्यांत सोप्याचं उत्तर देतो आणि उरलेले दोन हवेत विरतात.

उत्तर संपल्यासारखं वाटलं की लगेच पुढे पळू नका. तीन-चार सेकंद गप्प राहा. नवख्याला ती शांतता असह्य होते, म्हणून तो स्वतःच बोलायला लागतो; गप्प राहिलात तर समोरचा बोलतो, आणि तयार उत्तर संपल्यानंतरचं खरं बोलणं तिथे येतं. अडचणीचा प्रश्न शेवटाकडे ठेवा, पण टाळू नका. आणि प्रत्येक मुलाखतीत दोन प्रश्न ठरलेले असावेत: "हे तुम्हाला कसं कळलं?" आणि "याबद्दल आणखी कुणाला माहीत असेल?" पहिल्यामुळे पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं होतं, दुसऱ्यामुळे पुढचा फोन कुणाला करायचा ते कळतं.

"ऑफ द रेकॉर्ड" म्हणजे काय, हे बोलणं सुरू व्हायच्या आधी दोघांनी मिळून ठरवायचं असतं. सगळं बोलून झाल्यावर "हे छापू नका हं" म्हटलं, तर व्यवहाराच्या नियमाने ते बंधनकारक नसतं. मात्र समोर राजकारणी किंवा अधिकारी नसून तुमच्याच वर्गातला मुलगा असेल, तर त्याला हे नियम माहीत नसतात. तिथे त्याच्या बाजूने झुकावं. अल्पवयीन मुलांचं नाव-छायाचित्र वापरताना त्यांच्या पालकांची परवानगी घ्यावी, आणि विषय घरातल्या त्रासाचा, आजाराचा किंवा शिक्षेचा असेल तर नाव देऊच नये.

दोन सूत्रं खरंच दोन आहेत का?

दोघांकडून खात्री करून घ्या, असं प्रत्येक पाठ्यपुस्तक सांगतं. त्यातली खाच कमी वेळा सांगितली जाते. १९८३ च्या एप्रिलमध्ये जर्मनीतल्या 'श्टेर्न' साप्ताहिकाने हिटलरच्या रोजनिश्या सापडल्याचं जाहीर केलं. हस्ताक्षरतज्ज्ञांनी अक्षर खरं ठरवलं होतं. पण ताडून बघायला त्यांना दिलेल्या नमुन्यांत काही नमुने त्याच बनावटगिराच्या हातचे होते! अक्षर जुळणारच. दोन आठवड्यांच्या आत सरकारी अभिलेखागाराच्या तपासणीत उघड झालं की कागदात असलेलं चमक आणणारं रसायन युद्धानंतरच्या काळातलं आहे. अक्षराला साक्षीदार एकाच घरातले होते. कागदाची साक्ष स्वतंत्र होती.

रोजच्या कामात हे असं दिसतं: पाच संकेतस्थळांवर तीच बातमी आहे म्हणून ती खरी वाटते. उघडून वाचली की पाचही ठिकाणी "वृत्तसंस्थेच्या हवाल्याने" किंवा "व्हायरल पोस्टनुसार" असतं. म्हणजे सूत्र एकच. सराव म्हणून रोज एक बातमी घ्या आणि ती मुळात कुठून आली तिथपर्यंत मागे जा: पत्रक, निकालपत्र, संशोधनलेख, प्रत्यक्षदर्शी. वीस मिनिटांचं काम आहे. महिन्याभरात तुमची वाचायची पद्धतच बदलते.

छायाचित्राचंही तसंच. फोटो उलट शोधात (शब्दांऐवजी फोटोच टाकून इंटरनेटवर शोधायची सोय, रिव्हर्स इमेज सर्च) टाका आणि तो सर्वांत आधी कुठे व कधी दिसला ते बघा. जुना फोटो नव्या घटनेच्या नावाने फिरणं ही सगळ्यांत नेहमीची फसवणूक आहे. मग पाट्यांची भाषा, वाहनांच्या नंबरप्लेट, सावल्यांची दिशा आणि त्या दिवशीचं हवामान जुळतं का ते तपासा. फोटोच्या फाइलमध्ये तारीख-वेळेची माहिती असते, पण बहुतेक मेसेजिंग अ‍ॅप फोटो पाठवताना ती काढून टाकतात. म्हणून "मला फॉरवर्ड करा" म्हणू नका. काढणाऱ्याकडून मूळ फाइल मागा. ती द्यायला तो काचकूच करत असेल तर तीही एक माहितीच आहे.

गणित सोडू नका

पत्रकारितेत जायचं म्हणून गणिताला रामराम ठोकणारी मुलं स्वतःचं मोठं नुकसान करून घेतात. लागतं ते गणित अवघड नाही: टक्केवारी, सरासरी, मध्यक, दरडोई प्रमाण. पण ते हाताशी असावं लागतं.

एखादं प्रमाण ४० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेलं तर वाढ १० टक्क्यांची नाही. ती १० टक्केबिंदूंची आहे, आणि मूळच्या तुलनेत २५ टक्क्यांची. "धोका दुप्पट झाला" हे वाक्य ऐकलं की आधी विचारा, कितीचा दुप्पट? दहा हजारांत एकाचे दोन झाले तरी दुप्पटच. मोठ्या शहरात लहान गावापेक्षा जास्त अपघात होणारच. तुलना करायची तर दर लाख लोकांमागे किती ते काढावं लागतं.

स्प्रेडशीट शिका: क्रमवारी लावणं, गाळणं, बेरीज-सरासरीची सूत्रं आणि पिव्हट टेबल (नोंदींचे गट पाडून त्यांच्या बेरजा दाखवणारा तक्ता). सुट्टीतल्या दोन आठवड्यांत हे येतं. 'बॉस्टन ग्लोब'च्या शोधपथकाने २००२ साली चर्चमधल्या लैंगिक अत्याचारांचं प्रकरण उघड केलं, त्यामागे चर्चच्याच छापील वार्षिक निर्देशिका होत्या. कोणता धर्मगुरू कोणत्या वर्षी "आजारी रजेवर" किंवा तत्सम नोंदीखाली दाखवला आहे, हे त्यांनी वर्षानुवर्षांच्या निर्देशिकांतून एकेक ओळ टिपून तक्त्यात भरलं, आणि सुटे दिसणारे आकडे रांगेत उभे राहिले. कागद कुणालाही मिळण्यासारखे होते. ते भरत बसण्याची चिकाटी दुर्मीळ होती.

आता लिहिणं

शाळेत शिकवलेल्या निबंधाची सवय इथे मोडावी लागते. ग्रंथालयाची बातमी नवखा असा सुरू करेल: "वाचनाचं माणसाच्या जडणघडणीत अनन्यसाधारण महत्त्व आहे. हे लक्षात घेऊन शाळेत विविध उपक्रम राबवले जातात." दोन वाक्यं झाली आणि एकही नवी गोष्ट कळली नाही. त्याऐवजी: "शाळेच्या ग्रंथालयातून यंदा महिन्याला सरासरी ९० पुस्तकं घरी जात आहेत, गेल्या वर्षी ती ८४ होती. मधल्या सुट्टीत ग्रंथालय उघडं राहू लागल्यानंतरच्या महिन्यांत ही वाढ दिसते." "मुळे" न म्हणता "नंतरच्या महिन्यांत" म्हटलंय, कारण नोंदवही तेवढंच सांगते. कारण सांगायचं असेल तर "असं ग्रंथपालांचं म्हणणं आहे" हे शब्द जोडावेत. कोण म्हणालं ते सांगणं, एवढ्या एका शिस्तीवर बातमीचा भरवसा उभा असतो.

महत्त्वाचं आधी आणि तपशील पुढे ही उलट्या पिरॅमिडची रचना आधी पक्की करा. ललित अंगाने जाणारे वृत्तलेख नंतर येतील. लिहून झालं की मोठ्याने वाचा; जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोडा. मग निम्म्या शब्दांत तीच बातमी पुन्हा लिहा. सहाशेची तीनशे, तीनशेची दीडशे. उपसंपादक रोज हेच करतो, आणि काय कापायचं हे कळलं की काय गोळा करायचं तेही कळतं.

मराठीत काम करायचं असेल तर युनिकोडमध्ये दहा बोटांनी टाइप करायला आत्ताच शिका. रोज वीस मिनिटं, दोन-तीन महिने. जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर वेबवर चढवताना जोडाक्षरांचा चुराडा होतो, आणि इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवायची सवय लागली की ह्रस्व-दीर्घ सॉफ्टवेअरच्या मर्जीवर जातं. इंग्रजीही चांगली हवी, कारण मूळ अहवाल आणि संशोधन बहुतेकदा त्या भाषेत असतं. तिसरी भाषा येत असेल तर फारच उत्तम.

पदवी निवडताना

नावाला भुलू नका. "जनसंवाद", "माध्यम अभ्यास", "मास कम्युनिकेशन" या नावांखाली जाहिरात, जनसंपर्क, चित्रपट आणि पत्रकारिता असं सगळं एकत्र असतं. अभ्यासक्रमाचं पत्रक उतरवून घ्या आणि पेन घेऊन मोजा: बातमीदारी, संपादन, माध्यमांचे कायदे आणि आकडेवारी यांचे मिळून किती विषय आहेत? जनसंपर्क हे प्रामाणिक काम आहे, पण ते पैसे देणाऱ्याच्या बाजूने बोलायचं काम आहे. पत्रकाराची बांधिलकी वाचकाशी. आपल्याला कोणतं करायचंय ते प्रवेशाआधी ठरलेलं बरं.

महाविद्यालयाला भेट द्याल तेव्हा इमारत आणि स्टुडिओ बघून हरखून जाऊ नका. विचारा: विद्यार्थ्यांचं वर्तमानपत्र किंवा वाहिनी नियमित निघते का, आणि शेवटचा अंक कधीचा? कॅमेरे किती, आणि ते घरी न्यायला मिळतात का, की फक्त परीक्षेच्या आठवड्यात? इंटर्नशिप सक्तीची आहे का आणि किती आठवड्यांची? शिकवणाऱ्यांपैकी कितीजणांनी प्रत्यक्ष न्यूजरूममध्ये काम केलंय? तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्यांपैकी दोघांशी बोलणं करून द्याल का? या शेवटच्या प्रश्नाला उत्साहाने होकार देणारं महाविद्यालय बहुधा चांगलं असतं.

पदवी पत्रकारितेचीच हवी का? नाही. अर्थशास्त्र, विज्ञान, कायदा, संख्याशास्त्र यांपैकी एखाद्या विषयाची खरी ओढ असेल तर तीच पदवी घ्यावी, त्या तीन-चार वर्षांत महाविद्यालयाच्या नियतकालिकात काम करावं आणि नंतर पत्रकारितेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करावा, असंच आमचं मत आहे. न्यायालयाचा निकाल किंवा औषधाच्या चाचणीचा अहवाल स्वतः वाचून समजणारा माणूस प्रत्येक न्यूजरूमला हवा असतो. कॅमेरा, ध्वनी, दृश्यसंपादन याकडे कल असेल तर मात्र थेट पत्रकारितेच्या पदवीला जाण्यात अर्थ आहे. तिथली उपकरणं आणि ती हाताळायला मिळणारी वर्षं दुसरीकडे मिळत नाहीत.

घरच्यांशी बोलताना वस्तुस्थिती लपवू नका. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, कामाच्या वेळा विचित्र असतात, सणाच्या दिवशीही ड्यूटी लागते. दुसरीकडे, या क्षेत्रात बातमीदाराखेरीज बरीच कामं आहेत: उपसंपादन, पडताळणी, डेटा, ग्राफिक्स, व्हिडिओ संपादन, पॉडकास्ट निर्मिती. फोनवर बोलायचा कमालीचा संकोच असणारं पण चुका अचूक पकडणारं मूल डेस्कवर, म्हणजे कार्यालयात बसून करायच्या संपादनाच्या कामात, चमकू शकतं.

प्रवेशाच्या वेळी दाखवायचं काय

प्रवेश परीक्षांमध्ये साधारणपणे भाषा, चालू घडामोडी, तर्क आणि एखादं छोटं लेखन असतं, काही ठिकाणी मुलाखत. चालू घडामोडींची प्रश्नोत्तरं पाठ करून लेखी भाग निभावतो, मुलाखतीत "या बातमीत काय राहून गेलंय असं वाटतं?" असा प्रश्न आला की पाठांतर संपतं. त्यासाठी रोज एकच घटना दोन वेगळ्या वर्तमानपत्रांत वाचा आणि वहीत तीन ओळी लिहा: पहिल्यात काय आहे जे दुसऱ्यात नाही, कुणाची बाजू कुठेच नाही, कोणता आकडा आधाराशिवाय आलाय.

कामाचे नमुने पाच ते आठ पुरेत. तीस तुकड्यांची फाइल कुणी वाचत नाही. त्यांत किमान दोन नोंदींवर आधारलेल्या बातम्या, एक मुलाखत, एक ध्वनी किंवा दृश्य स्वरूपातलं काम आणि एक असा विषय ज्याचा तुम्ही सहा महिन्यांनी पाठपुरावा केलाय. कविता आणि स्फुटं यात घालू नका, कितीही आवडती असली तरी. प्रत्येक नमुन्याची पीडीएफ स्वतःकडे ठेवा; शाळेची संकेतस्थळं बदलतात आणि दुवे मरतात. दुसऱ्याचा फोटो वापरला असेल तर परवानगी आणि श्रेय दोन्ही हवं. इंटरनेटवर सापडला म्हणजे फुकट, असं नसतं. आणि कुणाची बदनामी होईल असं काही लिहिलं असेल, तर ते विद्यार्थ्याने लिहिलंय म्हणून कायदा सोडून देत नाही. ज्याच्यावर आरोप आहे त्याला छापायच्या आधी, उत्तर द्यायला पुरेसा वेळ देऊन विचारलेलं असावं आणि त्याचं उत्तर बातमीत असावं. तो बोलला नाही तर कधी, किती वेळा विचारलं ते लिहावं.

चूक छापली गेली तर ती गुपचूप बदलू नका. बातमीखाली तारीख घालून लिहा: आधी काय छापलं होतं, बरोबर काय आहे. ग्रंथालयाच्या बातमीत ८४० च्या जागी ४८० पडले असतील तर तसंच लिहायचं, आणि ज्यांच्या नोंदवहीतून आकडा घेतला त्या ग्रंथपालांना स्वतः जाऊन सांगायचं. पुढच्या वर्षी पुन्हा त्यांच्याकडेच नोंदवही मागायला जायचंय.